हस्तांतरणाच्या ठरावावर सही करावी का? (जलजीवन, शहापूर तालुका)

वाडीवरचा
१६ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे मी ठाण्यात वागळे इस्टेटला राहतो, घर-शेती शहापूर तालुक्यात. शनिवार-रविवार गावी असतो. गेल्या वर्षी ग्रामसभेने मला पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत घेतलं, पोरगा शिकलेला आहे, कागद वाचेल म्हणून. आता ते कागद समोर आलेत आणि एकट्याने ठरवायची हिंमत होत नाही.

आमच्याकडे जलजीवन मिशनमधून नळपाणी योजना झाली. गावठाण आणि तीन पाडे मिळून सातशेच्या आसपास माणसं, १६० घरं. ओढ्याच्या काठाला उद्भव विहीर (योजनेचं पाणी जिथून उचलतात ती), तिथून वर चढवलेली लाइन, ४० हजार लिटरची टाकी, खाली वितरणाचे पाइप. टाकी बांधून रंगवून त्यावर योजनेचं नाव लिहून झालं. गावठाणात नळ आलेत, पाणी येतं. दोन पाड्यांत नळ उभे आहेत, पण पाणी आठवड्यातून एक-दोनदा, तेही खालच्या घरांनाच. तिसऱ्या पाड्याला पाइपच गेला नाही. मध्ये वनखात्याची साधारण चारशे मीटरची पट्टी लागते.

ठेकेदार आणि कामावरचे साहेब म्हणतात, समितीने हस्तांतरणाचा, म्हणजे योजना पूर्ण झाली मानून गावाने ताब्यात घेतल्याचा, ठराव द्यावा, शेवटचं बिल मार्चआधी टाकायचंय. नाही दिला तर निधी परत जाईल आणि तिसऱ्या पाड्याचं नाव कायमचं निघेल. सरपंचताई सही करायच्या विचारात आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. गावठाणात कधी नव्हे ते पाणी आलंय आणि ताणलं तर तेही बंद पडेल अशी त्यांना भीती आहे. भाऊसाहेब (आमचे ग्रामसेवक, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) म्हणतात, समितीने काय ते ठरवावं.

ठाण्याच्या खोलीत मी सकाळी नळ सोडतो तेव्हा येणारं पाणी भातसाचं असतं. तानसा, मोडकसागर, भातसा सगळी आमच्याच तालुक्याच्या आसपास. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय. आणि तिसऱ्या पाड्यावरच्या बाया मार्चपासून झऱ्यावर रात्र काढतात, वाटीने पाणी भरतात. त्यांच्या नावाने योजना पूर्ण झाल्याचा कागद माझ्या सहीने जाणार असेल तर मला नीट कळलं पाहिजे की मी काय करतोय.

सही केली तर पुढे काय मागता येतं? नाही केली तर काय होतं?

---

पाइपलाइन_३२

मी पाणीपुरवठ्याच्या कामात ३२ वर्षं शाखा अभियंता होतो, आता बदलापूरला असतो. थोडं लांबेल, पण लिहितो.

आधी पैशाची वाट समजून घ्या. जलजीवनच्या गावयोजनेचा पैसा तुमच्या ग्रामपंचायतीच्या खात्यात येत नाही. केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा देतात, निविदा जिल्हा पातळीवर निघते, बिलं तिकडूनच निघतात. गावाचा वाटा म्हणजे गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी, आणि डोंगरी भागात किंवा निम्म्याहून जास्त आदिवासी-दलित वस्ती असेल तिथे ५ टक्के. ती रोख, वस्तू किंवा श्रमदानाने देता येते. म्हणजे समितीच्या हातून पैसा जातच नाही, जाते ती सही. सुरुवातीच्या आराखड्याच्या ठरावावर ती तुम्ही देऊन बसलात. आता हस्तांतरण उरलंय.

"निधी परत जाईल" हे मार्चमध्ये सगळीकडे ऐकवतात. त्या वर्षीची तरतूद खर्ची पडली नाही तर ती जाते, एवढं खरं. पण मंजूर योजनेचं दायित्व ३१ मार्चला पुसलं जात नाही, ते पुढच्या वर्षाच्या मागणीत येतं. मिशनची मुदत यंदाच्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालंय. तेव्हा उशीर होईल, तुमचं नाव निघणार नाही. उलट तुम्ही पूर्णत्व मान्य केलंत तर त्याच तिसऱ्या पाड्यासाठी नवीन पैसे मागताना वरचे लोक तुमचाच ठराव काढून दाखवतील.

आता तीन गोष्टी बघा.

उद्भवाची चाचणी कोणत्या महिन्यात झाली? हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी मार्चमध्ये विहीर तळ दाखवते. काळ्या कातळात पाणी मुरायला वरचा झिजलेला थर आणि भेगा एवढीच जागा असते. ती दिवाळीपर्यंत भरलेली असते आणि उन्हाळ्यात ओढ्याकडे रिकामी होते. ऑक्टोबरमध्ये चाचणी घेतली तर कुठलीही विहीर पास होते. एप्रिल-मेमध्ये घेतलेलीच खरी. माझ्या हयातीत मी अशा टाक्या पाहिल्यात ज्यांना तडा गेला नाही, गळती नाही, फक्त चार महिने त्यात पाणी नसतं. त्या टाक्यांचा हिशोब लेखापरीक्षणात अगदी बरोबर लागलेला असतो.

हिशोब तुम्हीच करून पाहा. माणशी ५५ लिटर हा मिशनचा निकष. ७०० माणसांना ३८,५०० लिटर. टाकी ४० हजारांची, म्हणजे ती बरोबर धरलीय. पंप सहा तास चालवायचा म्हटला तर विहिरीने ताशी सुमारे ६,४०० लिटर दिले पाहिजेत. मे महिन्यात देते का?

दुसरं, मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. तिची प्रत मागा. बिल एमबीवर निघतं, त्यामुळे काय झालं असं कागद म्हणतो ते तिथे कळेल. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मिळते, मुदत ३० दिवसांची. त्याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो लोक वापरत नाहीत.

तिसरं, शेवटच्या घराचा नळ. टाकी पूर्ण भरून सगळे नळ एकाच वेळी सोडा आणि सगळ्यात उंचावरच्या घरात १५ लिटरची बादली किती मिनिटांत भरते ते लिहून ठेवा. साक्षीला दोन बायका घ्या, त्यांना हंड्याचा अंदाज आपल्यापेक्षा जास्त असतो.

---

उल्हासकाठ

सही करायची नाही. माझ्या मामाच्या गावात केली, आता ठेकेदार फोन उचलत नाही.

---

मुरबाडची_माती

दादा, मी आमच्या समितीत आहे, बचत गटातून आले. समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे म्हणून माझं नाव घातलं. पहिले आठ महिने माझ्या घरी फक्त रजिस्टर यायचं, सही करून परत जायचं. मग पाण्याच्या तपासणीचं प्रशिक्षण झालं, गावातल्या पाच बायकांना किट दिलं. तेव्हापासून आम्ही पाणी तपासतो, आणि पाणी तपासायचं म्हणजे टाकीवर जावं लागतं, टाकीवर गेलं की सगळं दिसतं. झाकण नाही, शिडीचं खालचं पाऊल तुटलंय, ब्लीचिंग पावडर गोणीतच ओली झालीय. शेवटच्या नळाला क्लोरीन ०.२ मिलिग्रॅमच्या खाली आलं की आम्ही पाणीवाल्या दादाला बोलावतो.

मला सांगायचंय ते सहीनंतरचं. तुम्ही हस्तांतरण घेतलंत की त्या दिवसापासून वीजबिल तुमचं. आमच्याकडे याचा विचारच कुणी केला नव्हता. बिल थकलं, जोडणी तोडली, नवी कोरी योजना सात आठवडे बंद. त्या सात आठवड्यांत बाया पुन्हा नदीवर. त्यात एक बाई घसरून तिचा हात मोडला, अजून नीट उचलत नाही.

आता आम्ही असं करतो. महिन्याला वीज ५ हजार, पाणीवाला ६ हजार, पावडर आणि वॉशर-बिशर २ हजार, मिळून १३ हजार. तुमच्यासारखी १६० घरं धरली तर घरटी ८१ रुपये येतात. पण सगळे भरत नाहीत. शंभरातली साठ भरतात असं धरा, मग १३५ पडतात. आम्ही आधी ८१ चाच विचार करून ८० ठेवले होते आणि तिथेच फसलो. पाणीपट्टी बचत गटाच्या मासिक सभेला बायकाच गोळा करतात, कारण त्या दिवशी सगळ्या एकत्र असतात आणि न दिलेलं सगळ्यांसमोर कळतं. पुरुष घरोघर फिरायचे तेव्हा निम्मीही येत नव्हती.

ठरावात पट्टीचा आकडा आधी घाला, मग हस्तांतरण.

---

ऐरोली_खाडी

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेत लेखा शाखेत काम करतो, कुठल्या ते राहू दे. शहरातलं आणि गावातलं काम वेगळं, तरी अनुदानाचे कागद सारखेच चालतात म्हणून लिहितो.

शहरांना अमृत २.० मधून पैसा येतो, ही योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. दहा लाखांवरच्या शहराला केंद्र फक्त २५ टक्के देतं, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश, त्याखाली निम्मे. तेही २०, ४०, ४० अशा तीन हप्त्यांत. ठाणे, नवी मुंबई पहिल्या गटात. म्हणजे बातमीत "केंद्राची योजना" लिहितात तिथे तीन चतुर्थांश भार राज्याचा आणि महापालिकेचा असतो, आणि तो वाटा अंदाजपत्रकात आधी धरलेला नसला की काम मधेच थांबतं. पुढचा हप्ता हवा तर आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. ठेकेदाराला पैसे देऊन टाकले म्हणजे प्रमाणपत्र झालं असं नाही. खर्च, प्रत्यक्ष काम आणि मंजूर आराखडा तिन्ही जुळावे लागतात.

माझ्या समोर घडलेली गोष्ट. एका कामाचं अनुदान बँकेत पडून होतं, त्यावर व्याज आलं. तेव्हाच्या साहेबांनी ते व्याज एका व्हॉल्व्हच्या तातडीच्या दुरुस्तीला वापरलं. हेतू चांगला होता, लोकांना दोन दिवसांत पाणी मिळालं. पण केंद्राच्या अनुदानावरचं व्याज केंद्राच्या संचित निधीत परत भरायचं असतं, तसा सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट नियम आहे. लेखापरीक्षणात आक्षेप लागला, तो सुटायला तीन वर्षं गेली, रक्कम स्वतःच्या उत्पन्नातून भरावी लागली. आणि तोवर प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या वेळी तो जुना आक्षेप वर यायचा.

वाडीवरचा, तुमच्या ग्रामपंचायतीकडे जो वित्त आयोगाचा पैसा येतो त्याच्यावर नजर ठेवा, कारण तो खरंच तुमच्या हातात आहे. पंधराव्या आयोगाचा ६० टक्के निधी बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) असतो, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. पाणीपुरवठ्याचं वीजबिल बंधित निधीतून भरायला राज्याने २०२१ मध्ये मुभा दिलीय. म्हणजे मुरबाडच्या ताईंनी सांगितलेली वेळ आली तर तो एक आधार आहे. पगाराला मात्र हा पैसा चालत नाही, पाणीवाल्याचे पैसे पट्टीतूनच यायला हवेत. खर्च आराखड्यात आधी घातलेला पाहिजे, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर तो दिसला नाही तर सरपंच आणि ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीने पैसे सुटतच नाहीत. आणि आयोगाचं हे शेवटचंच वर्ष येतंय, २०२५-२६. राहिलेली शिल्लक किती आहे ते उद्याच विचारा.

---

काल्हेर_नाका

ऐरोली_खाडी, तुम्ही बंधित निधी म्हणता, पण तो वाटला जातो २०११ च्या जनगणनेवर. आमच्या भिवंडी पट्ट्यात गोदामं आली, चाळी आल्या, माणसं कित्येक पटींनी वाढली. रस्त्यावर टँकर, पाइपाला शंभर ठिकाणी भोकं, आणि निधी येतो चौदा वर्षांपूर्वीच्या डोक्यांवर. कल्याण-अंबरनाथकडच्या ग्रामपंचायतींचंही तेच, एमआयडीसीचं पाणी घेतात आणि बिलाची थकबाकी वाढत जाते. भाडेकरू पाणीपट्टी भरत नाही कारण घर मालकाच्या नावावर, आणि मालक राहतो ठाण्यात. तुमच्याकडे निदान घरं मोजता येतात. धाग्याचा विषय नाही, पण पोट तुटतं म्हणून लिहिलं.

---

वाडीवरचा
२३ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. एमबीसाठी अर्ज टाकलाय. उद्भवाचा दाखला भाऊसाहेबांच्या फाइलीत सापडला. चाचणीचा महिना: नोव्हेंबर.

काल बादलीचा प्रयोग केला. गावठाणात १५ लिटरची बादली दोन मिनिटांत. पहिल्या पाड्यात सात मिनिटं. दुसऱ्या पाड्यातल्या वरच्या चार घरांत नळातून हवा आली, पाणी नाही. तिथल्या एका आजीने नळाला कान लावून ऐकलं आणि म्हणाली, येतंय येतंय. नाही आलं.

---

साइटवाला

दुसरी बाजू पण ऐका. मी मुरबाड-कल्याण भागात छोटी कामं घेतो. वाडीवरचा यांचं काम माझं नाही.

सगळे ठेकेदार चोर नसतात. आमची अंदाजपत्रकं बनली तेव्हा सरकारी कामावर जीएसटी १२ टक्के होता, १८ जुलै २०२२ पासून तो १८ झाला. लोखंड, पाइप सगळं वाढलं. आता केंद्राचा निधी रखडलाय म्हणून राज्यभर बिलं थकलीत. माझी दोन रनिंग बिलं वर्षभर पडून आहेत. बिल निघालं तरी त्यातून जीएसटीची २ टक्के कपात, आयकर, कामगार उपकर, अनामत असं सगळं कापून हातात येतं. सिमेंटवाल्याची उधारी आहे, माझ्या दोन मिस्त्र्यांनी काम सोडलं, बायकोचं गंठण बँकेत आहे. गावाने ठराव अडवला की साहेब आमच्याकडे बोट दाखवतात आणि आम्ही गावाकडे.

तेव्हा ठराव अडवायचाच असेल तर अडवा, पण झालेल्या कामाचं बिल अडवू नका. जेवढं मोजून झालंय तेवढ्याला मान्यता द्या, जे झालं नाही त्याची यादी लावा. अनामत तर कामातला दोष दूर करण्याच्या मुदतीपर्यंत कापलेली राहतेच, तीच तुमची खरी चावी आहे.

---

पाइपलाइन_३२

साइटवाला, तुमचं म्हणणं मला पटतं आणि मी माझ्या आधीच्या उत्तरात ते लिहायला हवं होतं. भागशः स्वीकृती हाच मार्ग. गावठाणातलं काम झालंय, त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

वाडीवरचा, दुसऱ्या पाड्याची वितरणवाहिनी उघडून पाहा. दोन ठिकाणी खड्डा घ्या, पाइपवरची अक्षरं वाचा. व्यास आणि दाबाचा वर्ग तिथे छापलेला असतो.

---

वाडीवरचा
३० मार्च

एमबी आली. ३० दिवस पूर्ण झाल्यावर आली, पण आली.

एमबीत दुसऱ्या पाड्याची लाइन ७५ मिलिमीटर. जमिनीत पाइपवर ६३ छापलंय. खोली ९० सेंटिमीटर लिहिलीय, आम्हाला पाइप दीड वितीवर लागला. एका ठिकाणी बैलाच्या पायाखाली येईल एवढा वर. व्हॉल्व्ह चेंबर पाच मोजलेत, आम्हाला तीनच सापडले. तिसऱ्या पाड्याची लाइन अंदाजपत्रकात आहे, एमबीत नाही. म्हणजे तिचं बिल अजून लागलेलं नाही, हे बरं झालं.

काका, १२ मिलिमीटरने एवढा फरक पडतो का?

---

पाइपलाइन_३२

पडतो. ७५ ऐवजी ६३ घातला की पाणी जायची जागा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते, आणि तेवढंच पाणी ढकलायचं तर घर्षणात जाणारा दाब दुपटीहून जास्त होतो. दाब टाकीच्या उंचीतून मिळतो, तो ठरलेला आहे. वाटेत जास्त खर्च झाला की वरच्या चार घरांपर्यंत उरत नाही. आजींना जी हवा ऐकू आली ती हीच.

खोलीचं मी जास्त गंभीर मानतो. दीड वितीवरचा पाइप पहिल्या नांगरटीत जाईल.

आता लेखी द्या. शब्द मोजके ठेवा, कुणावर आरोप नको. फक्त "एमबी पान अमुक, नोंद अमुक, प्रत्यक्ष मोजमाप अमुक, पंचांच्या सह्या" असा तक्ता. त्रयस्थ तपासणी संस्थेचा अहवालही मागा, जलजीवनच्या कामांना ती तपासणी असते. आरोप केला की माणूस बचावाला उभा राहतो, तक्ता दिला की त्याला मोजायला यावं लागतं.

---

सावरोली_स्टॉप

तिसऱ्या पाड्याबद्दल. वनपट्टीचं कारण देऊन काम थांबवलं असेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३ (२) वाचा. पिण्याचं पाणी आणि पाण्याची पाइपलाइन ज्या सोयींच्या यादीत आहेत त्यांच्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. ती फाइल दिल्लीला जात नाही, उपवनसंरक्षक पातळीवर निकाली निघते. चारशे मीटर लांब आणि एक मीटर रुंद चर म्हणजे ४०० चौरस मीटर. हेक्टर १० हजार चौरस मीटरचं असतं. तुमची गरज त्याच्या पंचविसाव्या भागाएवढी आहे.

आमच्या पाड्याचा रस्ता याच कलमातून झाला. ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांक, लांबी-रुंदी आणि झाडांची संख्या नीट हवी, नाहीतर फाइल परत येते. आमची दोनदा आली.

शिवाय शहापूर तालुका पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) आहे. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो, त्यात पायाभूत सुविधांचा भाग असतो. छोटी उणीव तिथून भरता येते.

---

मुरबाडची_माती

वाडीवरचा दादा, ग्रामसभेला तिसऱ्या पाड्यावरच्या बायांना आणा. गाडीची सोय करा. सभा गावठाणात भरते आणि पाड्यावरच्या बाया पाण्याच्या पाळीमुळे येतच नाहीत, हे आमच्याकडे चार वर्षं झालं. "हर घर जल", म्हणजे प्रत्येक घरात नळाचं पाणी पोचलं, असं प्रमाणित करायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो, त्याचं चित्रीकरणही होतं. त्या कॅमेऱ्यासमोर पाड्यावरची एक बाई उभी राहून बोलली तर पुढे कुणाला नाही म्हणता येत नाही.

---

वाडीवरचा
१८ मे

उशीर झाला, माफ करा. बरंच घडलं.

१ मेची ग्रामसभा महाराष्ट्र दिनाची. टेम्पो केला, तिसऱ्या पाड्यावरून २६ माणसं आली, त्यातल्या १७ बाया. सरपंचताईंशी आदल्या रात्री जाऊन बोललो. साइटवाला यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, कारण त्यांना भांडण नको होतं आणि भागशः स्वीकृतीत भांडण नव्हतं. त्या म्हणाल्या, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर मी दोन महिने झोपले असते.

ठराव असा झाला. विहीर, चढवायची लाइन, टाकी आणि गावठाणची वितरण व्यवस्था झालेलं काम म्हणून मान्य, पण उद्भवाची चाचणी मे महिन्यात पुन्हा घेण्याच्या अटीवर. दोन पाड्यांची वितरणवाहिनी मंजूर व्यासाने आणि खोलीने पुन्हा टाकेपर्यंत मान्य नाही. तिसरा पाडा अपूर्ण. "हर घर जल" चा ठराव तहकूब. पाणीपट्टी घरटी १२० रुपये, गोळा करणार बचत गट, रक्कम वेगळ्या खात्यात. १३५ वर सभा तयार झाली नाही, फरक सहा महिने बंधित निधीतून वीजबिलाला जोडायचा आणि दिवाळीनंतर पुन्हा बघायचं. हे आराखड्यात घालायला भाऊसाहेबांनी हरकत घेतली नाही, उलट रात्री बसून त्यांनीच तक्ता नीट केला.

८ मेला कामावरचे साहेब आले. पंचांसमोर खड्डे घेतले, पाइपवरचा ६३ आकडा त्यांनी स्वतः वाचला. फार बोलले नाहीत. ठेकेदाराने पहिल्या पाड्याची लाइन काढायला घेतलीय, नवीन पाइपांची गुंडाळी येऊन पडलीय, ७५ चीच आहे, मी अक्षरं वाचली.

विहिरीची चाचणी १२ तारखेला झाली. ताशी ६,४०० लिटर हवे होते. पहिले दोन तास मिळाले, मग विहीर उतरली. दिवसभराचा हिशोब करता निम्म्याला थोडं वरती जातं. म्हणजे मे अखेरपर्यंत दिवसाआड पाणी द्यावं लागेल. ग्रामसभेने नोव्हेंबरच्या दाखल्यावर विसंबून सगळ्यांना रोज पाणी सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून पोटात गोळा येतो.

---

पाइपलाइन_३२

निम्म्याहून जास्त मिळतंय हे वाईट नाही. विहिरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात एखादा भूमिगत बंधारा बसतो का ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला दाखवा. उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूखालून जाणारं पाणी तिथे अडतं. पाऊस सुरू व्हायच्या आत जागा पाहून घ्या, नंतर पाण्याखाली काही दिसत नाही. पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं बंधित निधीच्या पाण्याच्या भागात बसतं, तेव्हा पैशाला हेड (खर्चाचं खातं) आहे.

---

साइटवाला

ठरावाचं वाचून बरं वाटलं. त्या ठेकेदाराचं गावठाणापुरतं बिल पुढे गेलं का?

---

वाडीवरचा

पुढे पाठवलंय. पैसे अजून कुणालाच आलेले नाहीत, त्यालाही नाही. तुमची बिलं?

---

साइटवाला

एक निघालं. गंठण सोडवलं.

---

वाडीवरचा
२५ मे

वनपट्टीची मोजणी काल झाली. लांबी ४१२ मीटर, रुंदी एक मीटर, वाटेत तोडावं लागेल असं झाड एकही नाही, दोन ऐनांच्या मधून पाइप वळवायचा ठरलाय. तिसऱ्या पाड्यावरच्या बायांनीच खुंट्या ठोकल्या, त्यांना ती वाट अंधारातही पाठ आहे.

सावरोली_स्टॉप, तुमची फाइल दोनदा परत आली म्हणालात. ज्या नमुन्यात तिसऱ्यांदा मान्य झाली त्याची नावं झाकून प्रत इथे टाकाल का? मंगळवारी सकाळी मी आणि सरपंचताई घेऊन जाणार आहोत. मी ऑफिसात रजा टाकलीय.

---

सावरोली_स्टॉप

आज रात्री टाकतो. गावनकाशावर पाइपची रेघ लाल पेनाने काढा आणि तिच्यावर ग्रामसभेच्या अध्यक्षांची सही घ्या. आमची दुसऱ्या वेळी तेवढ्यासाठीच परत आली होती.